काळ्या पाषाणातली कुऱ्हाड ओळखायची कशी?

नेवासे म्हटले की मराठी माणसाला ज्ञानेश्वरी आठवते. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली अशी श्रद्धा आहे, तो पैस खांब आजही तिथे आहे. पुरातत्त्वाच्या जगात मात्र अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावाची ओळख वेगळी आहे. प्रवरेच्या काठावरच्या गोटे-वाळूच्या थरांत इथे अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली. त्यातल्या एका प्रकाराला तर ‘नेवासन’ असे गावाचेच नाव मिळाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी १९५४ पासून इथे उत्खनन केले आणि नेवासे अश्मयुगाच्या नकाशावर आले.

त्याआधी बराच काळ अभ्यासकांचा समज असा होता, की महाराष्ट्राच्या पठारावर आदिमानव फारसा राहिलाच नसावा. कारण सरळ होते. इथे हत्यारांना योग्य दगड नाही, असे मानले जात होते. प्रत्यक्षात हत्यारे नदीच्या पात्रात आणि काठावर पडून होती. ज्या दगडाची ती होती, तो दगड वाचायची सवय अजून झालेली नव्हती, एवढेच. दगडी हत्यारांचा शोध घेणाऱ्याला आधी दगडच का ओळखावा लागतो, हे महाराष्ट्राइतके स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसते.

मद्रासची कुऱ्हाड आणि आपला फत्तर

भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाची सुरुवात ३० मे १८६३ या दिवसापासून मोजतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळच्या पल्लावरम इथे माणसाने घडवलेला एक दगड सापडला. तो क्वार्टझाइटचा होता. वाळूच्या कणांचा खडक जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने घट्ट होऊन क्वार्टझाइट तयार होतो. तो कठीण असतो, फुटताना धार देतो आणि लाखो वर्षे पाण्यात पडला तरी फारसा झिजत नाही. पुढे दक्षिणेत अशी हत्यारे मोठ्या संख्येने मिळाली आणि ‘आदिमानवाचे हत्यार म्हणजे क्वार्टझाइट’ असे समीकरण डोक्यात बसले.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग मात्र बेसाल्टचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर साचत गेले. आजही हे थर सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. सह्याद्रीचे कडे, वेरूळचे कैलास लेणे, गडांचे बुरूज, घरातला पाटा-वरवंटा आणि जाते, सगळे याच काळ्या पाषाणाचे. क्वार्टझाइट या मुलखात जवळपास नाही. तेव्हा क्वार्टझाइटच्या कुऱ्हाडी शोधत फिरणाऱ्याला इथे काही सापडले नाही, यात नवल नव्हते.

इथल्या माणसाने हाताशी असलेलाच दगड वापरला होता. नाशिकजवळ गोदावरीकाठी गंगापूर परिसरात सांकलियांना बेसाल्ट आणि डोलेराइटच्या हातकुऱ्हाडी मिळाल्या. गोदावरीच्या खोऱ्यातल्या या हत्यारांवरचे त्यांचे पुस्तक १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. नंतर नेवाशाजवळच चिरकी इथे गुद्रुन कोर्विनस या जर्मन संशोधक बाईंनी १९६० च्या दशकात मोठे उत्खनन केले. तिथेही हातकुऱ्हाडी आणि रुंद, सरळ धारेची क्लीव्हर नावाची हत्यारे निघाली, तीही याच काळ्या दगडाची.

बेसाल्ट म्हातारा होतो, अकीक होत नाही

ही हत्यारे नजरेतून का सुटतात, याचे उत्तर बेसाल्टच्या घडणीत आहे. बेसाल्ट मुख्यतः फेल्स्पार आणि पायरोक्सीन या खनिजांचा बनतो आणि त्यात लोह भरपूर असते. ऊन, पाऊस आणि ओलावा यांनी ही खनिजे हळूहळू मातीत रूपांतरित होतात, तर लोहावर गंज चढतो. घाटातल्या रस्त्याच्या कडेला कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटत गेलेले गोल दगड अनेकांनी पाहिलेले असतात. हत्यारावरही नेमके हेच घडते. घडवले तेव्हा निळसर काळी आणि धारदार असलेली कुऱ्हाड काही लाख वर्षांत तपकिरी, पिवळट होते. वरचा थर पिठूळ होतो, कडा बोथट होतात आणि घावांच्या खुणा पुसट होतात. मग नदीतल्या इतर गोट्यांत ती सहज मिसळून जाते.

अकीक, चर्ट किंवा जास्पर यांचे उलट आहे. हे सगळे सिलिकाचे, म्हणजे गारगोटीच्या कुळातले दगड. सिलिकावर हवापाण्याचा परिणाम अत्यंत सावकाश होतो. हजारो वर्षांपूर्वी काढलेला अकिकाचा छिलका आजही बोट कापू शकतो. शिवाय तांबडा, पिवळा, हिरवा, दुधी असे त्याचे रंग काळ्या मातीत लांबूनही चमकतात. त्यामुळे शेतातून चालणाऱ्याला लहान, रंगीत छिलके पटकन दिसतात आणि त्यांच्याहून कितीतरी जुनी, मोठी बेसाल्टची कुऱ्हाड पायाखालून निसटते. नुसत्या वेचणीवर विसंबले तर इतिहासाचे चित्र असे एकांगी होते.

महाराष्ट्रातली पहिली नोंदसुद्धा अशाच चमकत्या दगडाची आहे. १८६० च्या दशकात वाइन नावाच्या भूवैज्ञानिकाला पैठणजवळ मुंगी इथे गोदावरीच्या गोट्यांच्या थरात अकिकाचा एक घडवलेला छिलका मिळाला होता. बेसाल्टच्या मोठ्या कुऱ्हाडींची पद्धतशीर नोंद व्हायला त्यानंतर कित्येक दशके जावी लागली.

दगड ओळखण्याच्या साध्या खुणा

डोंगरातला सगळा काळा दगडही एकसारखा नसतो. लाव्हा थंड होताना त्यातून वायूचे बुडबुडे निघतात. थराच्या वरच्या भागात ते अडकून राहतात आणि दगड सच्छिद्र होतो. असा दगड हवा तिथे फुटत नाही, भोकाभोकातून ठिसूळपणे तुटतो. हत्याराला तो कुचकामी. घट्ट, बारीक कणांचा बेसाल्ट मात्र चालतो. त्याहून बरा डोलेराइट. लाव्ह्याचाच रस जमिनीतल्या उभ्या भेगेत सावकाश थिजला की डोलेराइटची भिंत तयार होते. तिला भूशास्त्रात भित्ती किंवा डाइक म्हणतात. नाशिक-पुणे पट्ट्यात, तापीच्या खोऱ्यात आणि कोकणात अशा भिंती पुष्कळ आहेत. आजूबाजूचा खडक झिजला की शेतातून सरळ रेषेत गेलेला धोंड्यांचा बांध असावा तशी ती दिसते. डोलेराइट सावकाश थंड झाल्याने त्यातले स्फटिक जरा मोठे असतात. दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून ते वेगळे दिसतात. बारीक बेसाल्टमध्ये बहुधा नुसता काळा गिलावा दिसतो.

अकीक आणि त्याची भावंडे याच खडकाच्या पोटातली. सच्छिद्र थरांतल्या पोकळ्यांत आणि भेगांत सिलिकायुक्त पाणी झिरपले, थरथराने साचले आणि घट्ट झाले. उन्हासमोर धरल्यावर पातळ कडेतून उजेड आरपार आला तर तो कॅल्सेडोनी. त्यातच रंगांचे पट्टे असले तर अकीक. उजेड मुळीच न जाणारा, लाल-पिवळा-हिरवा तो जास्पर आणि मळकट, मेणचट दिसणारा तो चर्ट. याच पोकळ्यांत पांढरे कॅल्साइट आणि झिओलाइटही असतात. ते दिसायला सुंदर, पण मऊ. चाकूने त्यांच्यावर ओरखडा उठतो आणि कॅल्साइटवर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की बुडबुडे येतात. सिलिकाच्या दगडावर चाकूचा ओरखडा उठत नाही, उलट चाकूचेच पोलाद घासून चंदेरी रेघ राहते. वजनाचाही थोडा अंदाज घेता येतो. पाण्याच्या तुलनेत बेसाल्ट जवळपास तिप्पट जड असतो, तर सिलिकाचा दगड अडीच पटीहून जरा अधिक.

या सगळ्या चाचण्या शेजारी पडलेल्या साध्या दगडावर करायच्या असतात, हत्यारावर कधीच नाही. हत्यारावर आज उठवलेला ओरखडा पुढच्या अभ्यासकाला जुन्या वापराची खूण वाटू शकतो. शंका उरलीच तर प्रयोगशाळेत त्याच जातीच्या दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप करतात. इतक्या पातळ कापातून प्रकाश आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक खनिज ओळखता येते. जातीची खात्री झाली की परिसर पालथा घालून तो दगड मुळात कुठे मिळतो हे शोधायचे. हत्यार जिथे सापडले तिथून खाण किती दूर, यावरून तो माणूस दगडासाठी किती चालत होता याचा अंदाज बांधता येतो.

माणसाचा घाव की नदीचा?

दगड ओळखला, तरी तो माणसानेच घडवला कशावरून? जाड काचेचा टवका उडालेला आठवून पाहावा. फुटलेल्या जागी शिंपल्यासारखा वक्र पृष्ठभाग तयार होतो आणि त्यावर पाण्यातल्या तरंगांसारख्या रेषा असतात. बारीक कणांचा दगडही असाच फुटतो. घाव जिथे बसला त्याच्या खाली छिलक्यावर एक फुगवटा येतो आणि ज्या दगडावरून छिलका निघाला, त्यावर त्याच मापाची खळगी राहते. चर्ट आणि अकिकावर या खुणा सुरेख दिसतात. बेसाल्टवर त्या मुळातच अंधूक असतात आणि झिजल्यावर तर दगड तिरप्या उन्हात फिरवूनच पाहाव्या लागतात.

पण असा छिलका पुरात दगडावर दगड आपटूनही उडतो. म्हणून एका खुणेवर निर्णय देत नाहीत. नदीचे टवके कसेही, कुठूनही उडालेले असतात. एखादा जुना आणि झिजलेला, तर शेजारचा ताजा. माणसाच्या घावांत क्रम असतो. हातकुऱ्हाडीच्या दोन्ही अंगांनी छिलके काढलेले असतात. ते एका कडेच्या दिशेने काढलेले असतात आणि साधारण एकाच वयाचे दिसतात. कडा सलग चालते आणि टोकाकडे निमुळती होते. सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे सोबत. एकच हत्यारासारखा दगड फसवू शकतो. त्याच जागी हत्यारे, छिलके आणि छिलके काढून उरलेले गाभे एकत्र मिळाले, तर माणूस तिथे बसून काम करत होता असे म्हणता येते.

फसवणारे आपल्या काळातलेही पुष्कळ आहेत. खडी फोडणाऱ्या यंत्रातून निघालेल्या तुकड्यांवर तसाच फुगवटा असतो. पाथरवटाच्या कामाच्या जागी छिलक्यांचा खच पडतो. चकमकीने विस्तव पाडण्याच्या दिवसांत गारगोट्या फुटत, त्यांचे तुकडे जुन्या वस्त्यांजवळ मिळतात. अशा वेळी फुटलेल्या बाजूवरचा रंग उपयोगी पडतो. बेसाल्टची फुटकी बाजू आतल्यासारखीच काळी आणि ताजी असेल, तर तो घाव अलीकडचा समजावा.

घाव ओळखायला शिकावे म्हणून काही अभ्यासक स्वतः दगड फोडून हत्यारे बनवून पाहतात. त्यातून पुष्कळ उमगते, पण काळजी घ्यावी लागते. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साचली की सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार होतो. गुजरातमध्ये खंभातच्या अकीक कारागिरांनी त्याची मोठी किंमत मोजली आहे. म्हणून हे काम बंद खोलीत करू नये. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर योग्य दर्जाचा मास्क हवाच.

दगड बदलला, हत्यार बदलले

दगडाची जात कळली की पुढच्या गोष्टींचाही उलगडा होतो. नेवाशाच्या खालच्या, जुन्या थरात बेसाल्ट-डोलेराइटची मोठी हत्यारे आहेत. वरच्या, नंतरच्या थरात मात्र चर्ट, जास्पर आणि अकिकाच्या तासण्या, टोचे आणि टोकदार छिलके मिळतात. हेच ते नेवासन. पोकळ्यांतून निघणारी गारगोटी बहुधा मुठीएवढी किंवा त्याहून लहान. तिच्यातून वीतभर लांबीची कुऱ्हाड निघणे कठीण. उलट तिचा लहान छिलका बेसाल्टपेक्षा कितीतरी धारदार असतो. हत्यार लहान होणे आणि दगड बदलणे या दोन गोष्टी हातात हात घालून आल्या. मोठा दगड एका घावात वापरण्याऐवजी लहान गारगोटीतून ठरवून अनेक छिलके काढायची रीत रुळली.

चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे डॉ. साळी यांनी केलेल्या उत्खननात ही वाटचाल पुढे जाताना दिसते. तिथल्या सुमारे २५,००० वर्षांपूर्वीच्या थरात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणीसुद्धा मिळाले. अकीक-कॅल्सेडोनीची ही कारागिरी तांब्याच्या काळातही संपली नाही. शिरूर तालुक्यातल्या इनामगावचे शेतकरी तीन हजार वर्षांपूर्वी तांबे वापरत होते. पण तांबे दुर्मीळ असल्याने कापण्याची बरीचशी कामे ते कॅल्सेडोनीच्या पात्यांनीच करत.

दगडाचे वय आणि हत्याराचे वय

‘ही कुऱ्हाड किती जुनी?’ हा प्रश्न सगळेच विचारतात आणि इथे नुसता दगड मदत करत नाही. बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो माणसाने कधी फोडला, हे त्याच्या खनिजांत लिहिलेले नसते. त्यासाठी हत्यार ज्या थरात होते त्या थराचे वय काढावे लागते.

पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठच्या बोरी गावाचे उदाहरण यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या संगतीने दगडी हत्यारे मिळाली. राखेचे पहिले वय सुमारे १४ लाख वर्षे निघाले. नंतर दुसऱ्या पद्धतीने ते सुमारे ६ लाख ७० हजार आले. काही संशोधकांच्या मते तर ही राख इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची आहे. कुऱ्हाडी त्याच, दगड तोच. पण राखेचे वय बदलले की महाराष्ट्रात माणूस केव्हा आला याचे उत्तर लाखो वर्षांनी पुढे-मागे सरकते. हा वाद घालता तरी येतो, कारण हत्यार कोणत्या थराजवळ होते याची नोंद आहे. तीच कुऱ्हाड कुणी उचलून घरच्या कपाटात ठेवली असती, तर वादालाही जागा उरली नसती.

सापडले तर काय करावे?

म्हणूनच दगड सापडल्यावर करायची पहिली गोष्ट म्हणजे तो न उचलणे. शेजारी नाणे किंवा मोजपट्टी ठेवून वरून, खालून आणि कडेने छायाचित्रे घ्यावीत. एक छायाचित्र आजूबाजूच्या परिसरासह घ्यावे. मोबाइलमधून ठिकाणाचे अक्षांश-रेखांश टिपावेत. दगड मोकळ्या वाळूत पडला आहे की काठाच्या उभ्या थरातून डोकावतो आहे, हे लिहून ठेवावे. थरात रुतलेले हत्यार खणून काढण्याचा मोह टाळावा. वाहून आलेल्या दहा हत्यारांपेक्षा जागेवरचे एक हत्यार अधिक सांगते. त्यानंतर राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे. संरक्षित स्थळावरची वस्तू हलवणे तर कायद्यानेही वर्ज्य आहे.

घाई कशाची, असे वाटू शकते. लाखो वर्षे टिकलेला दगड आणखी काही वर्षे टिकेल. पण ही हत्यारे ज्या गोटे-वाळूच्या थरांत असतात, त्याच थरांवर आज बांधकामाची भूक भागते आहे. वाळू चाळून उरलेले गोटे भरावाला जातात आणि उपसलेला काठ पुढच्या पुरात ढासळतो. यंत्राला बेसाल्टचा गोटा आणि बेसाल्टची कुऱ्हाड यांतला फरक कळत नाही आणि नजर तयार नसेल तर माणसालाही कळत नाही.

ही नजर पुस्तकातून निम्मीच येते. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात महाराष्ट्रातल्या नद्यांकाठची खरी हत्यारे पाहायला मिळतात. तिथे झिजलेल्या बेसाल्टच्या कुऱ्हाडींसमोर थोडा वेळ थांबावे. पुसट घाव एकामागून एक दिसू लागतात, कडा जुळत जाते आणि मग पुढच्या उन्हाळ्यात नदी आटल्यावर पात्रातले गोटे पूर्वीसारखे एकसारखे दिसत नाहीत.